बारा नंबर मोकळी

आमच्या हॉस्पिटलात खाट रिकामी होत नाही, मोकळी होते.

तळमजल्यावर, दारातून शिरल्यावर डाव्या हाताला जी खिडकी आहे, तिथे मी बसते. आत एक टेबल, एक खुर्ची, दोन टेलिफोन आणि पाठीमागे भिंतभर फळा. फळ्यावर प्रत्येक खाटेचा एक खिळा आणि खिळ्याला पत्र्याचा एक गोल बिल्ला. लाल बाजू पुढे असली की खाट भरलेली, पांढरी पुढे असली की मोकळी. वरच्या वॉर्डातून फोन येतो, "सात मोकळी." मी सातचा बिल्ला उलटते आणि बाकावर ताटकळलेल्या माणसांपैकी पहिल्याला वर पाठवते. पेशंट बरा होऊन घरी गेला तरी सात मोकळी, आणि तो घरी कधीच जाणार नसला तरी सात मोकळीच. एकोणीस वर्षं हा शब्द मी दिवसातून तीस-चाळीस वेळा ऐकला आणि तितक्याच वेळा बोलले.

मागच्या वर्षी एका दुपारी बायकांच्या वॉर्डातून फोन आला. "बारा मोकळी." मी बिल्ला उलटला आणि मान वर केली, तर खिडकीशी पन्नाशीचे एक गृहस्थ उभे होते. हातात कापडी पिशवी. पिशवीतून चपलांच्या टाचा बाहेर आल्या होत्या, बायकी, जुन्या, पण नुकत्याच पुसलेल्या.

"ताई, बायकांच्या वॉर्डात बारा नंबर," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणाले होते, आज-उद्या सोडू."

"बारा मोकळी झाली," मी म्हणाले.

त्यांचा चेहरा एकदम सैल पडला. "झाली? बरं झालं बाई. तेवीस दिवस झाले." ते तिथेच, खिडकीला टेकून, फोनवर बोलले. "हां, मी बोलतोय. आईला सोडलं. अर्ध्या तासात पोचतो. पाणी तापवून ठेव, आल्या आल्या अंघोळ मागेल ती." मग माझ्याकडे बघून मान हलवली आणि जिन्याकडे गेले. माझ्या टेबलावर तेव्हा चौघांचे कागद पडले होते.

वीसेक मिनिटांनी ते खाली आले. वर गेले तेव्हा बाराव्या खाटेवर नवीन चादर घालून झाली होती. मग कुणीतरी त्यांना पडद्यामागे नेलं होतं. पिशवी तशीच हातात. खिडकीशी येऊन ते थांबले. मला वाटलं आता आवाज चढेल, माणसं जमतील. एका अर्थी मी त्याची वाटच पाहत होते.

"ताई, तुम्ही मोकळी म्हणालात," ते म्हणाले.

मी समोरचे कागद उगाच एकावर एक ठेवले.

"बहिणीला पाणी तापवायला सांगितलंय मी. तापलं असेल आता." त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, जणू खरोखरच पाण्याचा हिशोब करत होते. मग पुन्हा फोन काढला आणि बोलायला बाहेर गेले.

त्यांनी तक्रार केली नाही. कुणी मला बोलावलं नाही, कुणी विचारलं नाही.

माझा लग्नाआधीपासूनचा एक नेम आहे. सकाळी देवापुढे दिवा लावून म्हणायचं, आज खोटं बोलणार नाही. संध्याकाळी पुन्हा दिव्यापुढे बसून दिवस आठवायचा आणि कुठे घसरले ते सांगून टाकायचं. यात मोठेपणा काही नाही. काहींना झोपण्याआधी पाय धुतल्याशिवाय चैन पडत नाही, तसंच. त्या संध्याकाळी मी बसले आणि सांगण्यासारखं काही सापडेना. खोटं मी बोललेच नव्हते. खाट मोकळी झालीच होती. दिवा विझेपर्यंत मी तशीच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी मी बायकांच्या वॉर्डात गेले. तिथल्या मोठ्या सिस्टर माझ्याही आधीपासून आहेत. त्यांना सगळे मोठ्या सिस्टरच म्हणतात, त्यांच्याहून मोठ्या वॉर्डात होत्या तेव्हापासून. मी म्हटलं, फोनवर 'घरी गेल्या' किंवा 'वारल्या' असं सरळ सांगता येणार नाही का?

"आणि फोन कुठे आहे माझा, माहितीये ना?" त्या म्हणाल्या. "अकराच्या उशाशी. बाराची वारली असं मी मोठ्यांदा म्हणायचं आणि अकराने ते पडल्या पडल्या ऐकायचं? तिला आज रात्री झोप कोण देणार, तू?"

त्यांचंही बरोबर होतं. तो शब्द कुणी निर्दयपणाने काढला नव्हता, अकराव्या खाटेवरच्या बाईच्या दयेपोटी काढला होता.

मग आम्ही दोघींनी आमच्यापुरतं ठरवलं. फोन आला की मी विचारायचं, "कशी?" पेशंट घरी गेला असेल तर त्यांनी म्हणायचं, "चालत." नसेल तर काहीच म्हणायचं नाही. इतर वॉर्डांनाही मी तेच विचारू लागले, त्यांनी आठ दिवस हसून घेतलं. माझं नाव कशीबाई पडलं. "कशीबाई, तीन मोकळी, चालत काय, नाचत नाचत." पुरुषांच्या वॉर्डाने तर महिनाभराने सोडूनच दिलं. त्यांना विचारलं की फोन ठेवून द्यायचे.

मी अधीक्षकांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मुद्दा आहे तुमचा," ते म्हणाले. "पण तुम्ही खिडकीत बसता. पद्धत ठरवणं हे प्रशासनाचं काम."

"प्रशासनात जायला काय लागतं, सर?"

"डिग्री लागते, बाई," ते हसत म्हणाले, आणि पुढच्या फाइलकडे वळले.

ते हसण्यावारी म्हणाले, मी तसं घेतलं नाही. आरोग्य प्रशासनाच्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची दोन पत्रकं आमच्याच नोटीस बोर्डावर लागली होती. एक नामांकित संस्था, दिवसभराचे वर्ग. दुसरं एका जुन्या हॉस्पिटलच्या मागच्या इमारतीतलं छोटं कॉलेज, संध्याकाळचे वर्ग. बी.ए. मी केव्हाचीच झाले होते. वय बेचाळीस. दोन्ही अर्जांत एक निबंध मागितला होता: कामाच्या ठिकाणी पाहिलेली एक चूक आणि ती पुन्हा होऊ नये म्हणून तुम्ही काय कराल.

चार रविवार मी तो निबंध लिहीत होते. पहिल्या रविवारी 'मी' असं लिहिलं आणि पुढे पेन चालेना. तिसऱ्या रविवारी लिहिलं, 'खिडकीतील कारकुनाने नातेवाइकास सांगितले', आणि मग सगळं भराभर उतरलं. फोन कुठे असावा, वॉर्डाने काय कळवावं, नातेवाइकाला कुणी आणि कुठे बसवून सांगावं. संध्याकाळी दिव्यापुढे मी स्वतःला विचारलं, हे खोटं आहे का? कारकूनच आहे मी. पगाराच्या कागदावरही तेच लिहिलेलं असतं.

माझा नवरा लिफ्टची दुरुस्ती करतो. आमच्या दोघांच्या कामावरून त्याचा एक ठरलेला विनोद आहे: "मीही माणसं वर पाठवतो, पण माझी परत खाली येतात." निबंध त्याला वाचायला दिला. मी भाजी चिरत होते. तो मन लावून वाचत होता, ओठ हलवत.

"झकास उतरलाय," तो म्हणाला. "ते पाण्याचं पुन्हा वाचलं मी. कोण गं हा गाढव, खिडकीतला?"

माझी सुरी क्षणभर थांबली. "आहे एक," मी म्हणाले.

त्या संध्याकाळी मी दिवा लावला, पण त्याच्यापुढे बसले नाही. ओट्यावर बरीच भांडी पडली होती.

नामांकित संस्थेत मुलाखतीला तिघे जण होते. टेबल इतकं लांब की त्यांचे आवाज वाटेत पातळ होऊन माझ्यापर्यंत येत. मधले पांढऱ्या दाढीचे प्राध्यापक निबंधाची पानं बोटाने सारखी करत होते. "फार चांगलं निरीक्षण आहे," ते म्हणाले. "त्या कारकुनाचं पुढे काय झालं? त्याच्यावर कारवाई झाली?"

"त्याला काही झालं नाही, सर," मी म्हणाले. "समज दिली त्याला."

त्याला. तोंडातून गेल्यावर तो शब्द माझा मलाच ऐकू आला. कारकुनाने, कारकुनास, यात अजून मी कुठेतरी आडोशाला उभी होते. 'त्याला' म्हटल्याबरोबर तिथे एक पुरुष येऊन बसला, माझ्या खुर्चीत, आणि मी बाहेर. आणि समज तरी कुठे कुणी दिली होती? तिघेही माना हलवत होते. मला पाणी दिलं.

छोट्या कॉलेजात जिन्यापासूनच फिनेलचा वास होता. तिथे मुलाखत घ्यायला एकच बाई होत्या, निवृत्त मेट्रन. सुजलेले पाय स्टुलावर ठेवून बसलेल्या. त्यांनी निबंध माझ्यासमोरच वाचला. खोलीत दुसरं काही बघण्यासारखं नव्हतं, मी त्यांच्या पायांकडे बघत बसले.

"हा कारकून खिडकीत असतो," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही कुठे असता?"

"खिडकीत."

"म्हणजे दोघं बसता?"

"नाही," मी म्हणाले. "खुर्ची एकच आहे."

त्यांनी चष्मा काढला. निबंधावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "इथे तसं लिहिलेलं नाही."

"नाही."

"का?"

"लिहिता आलं नाही, मॅडम."

"हं." त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "खरं बोललं म्हणून मी मार्क वाढवत नाही, सांगून ठेवते. लोकांना वाटतं तसं. निबंध जसा आहे तसाच तपासणार."

"बरोबर आहे," मी म्हणाले.

उतरताना जिन्यात मला थोडं रडू आलं. मोकळं वाटलं असं लिहिणार होते, पण तो शब्द आता मला वापरवत नाही.

महिनाभराने एकाच आठवड्यात दोन्ही पत्रं आली. नामांकित संस्थेत प्रवेश मिळाला होता, निम्मी फी माफ. वर, माझा निबंध पहिल्या सत्रात उदाहरण म्हणून शिकवण्याची परवानगी मागितली होती. संमती पंधरा तारखेला संध्याकाळी पाच वाजेपर्यंत कळवायची, नाहीतर जागा दुसऱ्याला. छोट्या कॉलेजच्या पत्रात एकच ओळ: प्रतीक्षा यादी, क्रमांक दोन.

नवऱ्याने पहिलं पत्र दोनदा वाचलं. "अगं, तुझा निबंध शिकवणार? तुला बसवून तुलाच?" त्याला इतका आनंद झाला होता की तो उगाचच घरभर फिरत होता. "उद्यापासून मी मॅडम म्हणायचं की कशीबाईच चालेल?"

"तो गाढव मी होते," मी म्हणाले.

त्याला आधी कळलं नाही. मग कळलं. तो खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

"मला सांगायचंस तरी," तो म्हणाला.

"तुम्ही गाढव म्हणालात ना."

"अगं, मी काय, मी लिफ्टलासुद्धा गाढव म्हणतो." त्याने हसायचा प्रयत्न केला, तो जमला नाही. तो बसला. "हे बघ. कुणाला माहिती आहे? कुणालाच नाही. जा, शीक, साहेब होऊन परत ये आणि बदल तो शब्द. तू निबंधात 'कारकून' लिहिलंस की 'मी' लिहिलंस, याने त्या बाईंच्या मुलाला काय फरक पडणार? पुढच्या माणसाला पडेल फरक, शिकलीस तर."

त्याच्या बोलण्यात मला आजही खोट सापडलेली नाही.

एवढंच होतं की ते गृहस्थ मधे एकदा आले होते. मृत्यूच्या दाखल्यात आईच्या नावात एक अक्षर चुकलं होतं, ते दुरुस्त करायला. "दाखल्याची खिडकी कोणती?" त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं. त्यांनी मला ओळखलं नाही. जाताना "आभारी आहे" म्हणाले. ओळखलं असतं तर काय झालं असतं, याचा मी पुष्कळ विचार केला. पण न ओळखणं जास्त लागलं. त्यांच्या आठवणीत तो शब्द उरला होता, बोलणारं माणूस कुणीच नव्हतं, आणि मी तेच निबंधात करून ठेवलं होतं.

मी संस्थेला पत्र लिहिलं. निबंधातील कारकून मी स्वतः आहे, मुलाखतीतलं माझं उत्तर खरं नव्हतं. 'कारकुनाने' असे आहे तिथे 'मी' असे करून घ्यावे, आणि हे समजल्यावरही प्रवेश द्यायचा की नाही ते कळवावे. पत्र टाकल्यावर तीन दिवस मला नीट जेवण गेलं नाही. काढून टाकतील याची भीती होती, आणि खरं सांगायचं तर थोडी आशाही होती. निर्णय दुसऱ्या कुणीतरी घेतला असता.

उत्तर नीटनेटकं होतं. नियमानुसार अर्जातील मजकुरात मुदतीनंतर बदल करता येत नाही. निबंध मूळ स्वरूपातच ग्राह्य धरण्यात येईल. आपला प्रवेश कायम आहे. अभिनंदन.

"बघ," नवरा म्हणाला, "त्यांनाही काही वाटत नाही." पण या वेळी त्याच्या आवाजात जोर नव्हता. पत्राची घडी घालून त्याने ते माझ्याकडे दिलं. "तुझं तू बघ. मी काही बोलणार नाही."

पंधरा तारखेला मी कामावर होते. दुपारभर डोळ्यांसमोर एकच चित्र: उजेडाचा मोठा वर्ग, पांढऱ्या दाढीचे प्राध्यापक, आणि ते विचारतायत, त्याने काय करायला हवं होतं? चाळीस जण हात वर करतायत. त्याने असं करायला हवं होतं. त्याने तसं करायला हवं होतं. आणि मागच्या बाकावर मी वही उघडून त्याच्याबद्दल लिहून घेतेय. दोन वर्षं. रोज सकाळी दिवा लावून.

चार वाजता दोन पेशंट आले. साडेचारला पुरुषांच्या वॉर्डातून फोन, "पाच मोकळी." मी विचारलं, "कशी?" त्यांनी ठेवून दिला. पाच वाजले तेव्हा मी बिल्ला हातात धरून फळ्यापाशी उभी होते. संमतीपत्र पर्समध्ये होतं, सही केलेलं. ते तिथेच राहिलं.

घरी नवऱ्याने विचारलं नाही. त्याने चहा केला, साखर जास्त पडली होती. मी दिव्यापुढे बसले आणि पुष्कळ दिवसांनी सगळं ओळीने सांगितलं. हलकं वगैरे काही वाटलं नाही. एक मोठी गोष्ट हातची गेली होती, आणि गेली याचं दुःख होतं.

त्यानंतर पाच आठवडे काहीच झालं नाही. मोठ्या सिस्टरांनी एकदा विचारलं, "काय गं, तुझं कॉलेज?" मी म्हटलं, "यादीत आहे." "म्हणजे बाकावर," त्या म्हणाल्या. "बस मग. एकोणीस वर्षं लोकांना बसवलंस."

एका मंगळवारी दुपारी बाहेरचा टेलिफोन वाजला. छोट्या कॉलेजातला कारकून होता, घाईत. "तुमचा नंबर यादीत दुसरा ना? पहिल्या नंबरने नकार दिला. एक जागा मोकळी झालीय. येणार असाल तर आत्ता सांगा."

"कशी मोकळी झाली?" मी विचारलं.

"कशी म्हणजे? मोकळी म्हणजे मोकळी."

"ज्यांची होती, त्यांचं काय झालं?"

"बाई, तुम्हाला जागा हवीये की चौकशी करायचीये?"

"हवीये," मी म्हणाले. "पण एवढं बघून सांगा. मी थांबते."

त्याने सुस्कारा सोडला, रिसीव्हर टेबलावर आपटला. पंख्याचा आवाज येत होता. कपाट उघडलं, कागद चाळले गेले, कुणीतरी काहीतरी विचारलं, "अहो एक बाई आहेत" असं त्याने उत्तर दिलं. मी रिसीव्हर कानाशी घट्ट धरून बसले होते. मला वाटलं, तो येऊन आता जे सांगेल ते काहीही असलं तरी मी ती जागा घेणार आहे, पण घेण्याआधी ते मला माहीत असायला हवं.

"हां," तो परत आला. "त्यांनी स्वतः येऊन नाव काढलंय. घरची अडचण असं लिहिलंय. खाली सही आहे त्यांची."

"म्हणजे चालत," मी म्हणाले.

"काय?"

"काही नाही. येते मी. त्यांचं नाव सांगता?"

त्याने वैतागून नाव सांगितलं. मी ते कोऱ्या कागदावर लिहून घेतलं आणि टेबलाच्या काचेखाली सरकवलं. कुठल्याशा घरात, कुठल्याशा अडचणीत बसलेल्या त्या माणसाला याचा काही उपयोग नव्हता.

नवऱ्याला फोन करावा म्हणून रिसीव्हर पुन्हा उचलला, तोच वॉर्डाचा टेलिफोन वाजला. मोठ्या सिस्टर होत्या.

"नऊ मोकळी."

"कशी?"

पलीकडे कुणी बोललं नाही. वॉर्डातली एक खाट करकरली, कुणीतरी खोकलं, अकराव्या खाटेपाशी असेल. मी थांबले, त्याही थांबल्या. मग त्यांनी हळूच फोन ठेवला.

मी उठून नऊचा बिल्ला उलटला. वळले, तर खिडकीशी एक मुलगी उभी होती, पंचविशीची, हातात जेवणाचा डबा.

"नऊ नंबरला जायचंय," ती म्हणाली. "बायकांच्या वॉर्डात. आईला डबा द्यायचाय. वर जाऊ ना?"

खिडकीतून मी उत्तर दिलं नाही. टेबलाला वळसा घालून, बाजूचं दार उघडून बाहेर आले. एकोणीस वर्षांत कामाच्या वेळी त्या दारातून मी फारशी आलेच नव्हते. तिच्या हातातला डबा घेतला. तो अजून गरम होता.

"आधी बसू या," मी म्हणाले. "मी आहे इथे."